कानात कापूस

सोनल मगदूमची लेक दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्माला आली, आणि जन्मली त्याच महिन्यात आईशी बोलायला लागली. यावर कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसू दे. मिरजेच्या त्या रुग्णालयात अशी बोलणारी बाळं त्या वर्षी आणखीही होती, आणि त्यांच्या आईबापांपैकी कुणी हसत नव्हतं.

सोनल मूळची आवाजाची माणूस. लग्नाआधीपासून ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. पुढे घोषणांचं काम यंत्राकडे गेलं, तेव्हा साहेबांनी तिला एका खोलीत बसवून आठवडाभर वाचायला लावलं, आवाज भरून घेतला आणि तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तेव्हापासून स्टँडवर दिवसभर सोनलचाच आवाज घुमायचा आणि सोनल मात्र खिडकीत गप्प. नवरा प्रीतम चेष्टेनं म्हणायचा, "दोन बायका केल्यात मी. बडबडी आहे ती स्टँडवर असते." तिला त्याचं काही वाटायचं नाही. पण बोलणारा माणूस कुठं थांबतो, कुठं श्वास घेतो, हे तिच्या कानातून सुटायचं नाही.

सातवा नुकता लागला होता. रक्तदाब चढला, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. पोरगी एवढीशी, ओंजळीत घेतली तर वर जागा उरावी अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. काही दिवसांनी तिला जंतुसंसर्ग झाला, तो उतरला, आणि मग तिच्या मेंदूचं चित्र काढलं.

डॉक्टर इनामदार बालविभागाच्या प्रमुख होत्या. गोड बोलणं त्यांना जमायचं नाही, पण खोटंही बोलायच्या नाहीत. त्यांनी सोनल आणि प्रीतमला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

"मेंदूच्या आतल्या बाजूला हा पांढरा भाग असतो," त्या म्हणाल्या. "तिथं तारा असतात म्हणा. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या. प्रत्येक तारेवर चरबीचं आवरण चढतं, तेव्हा निरोप भरभर जातो."

"वायरवरचं प्लास्टिक," प्रीतम म्हणाला. त्याचं इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज होतं. ही गोष्ट त्याला सांगावी लागत नव्हती.

"तसंच. ते आवरण चढवणाऱ्या पेशी नेमक्या याच आठवड्यांत फार नाजूक असतात. बाळ पोटात असतं तोवर ठीक. बाहेर आल्यावर प्राणवायू थोडा इकडेतिकडे झाला, ताप आला, की पहिल्यांदा त्या मरतात. हे दोन डाग बघा. इथल्या तारा उघड्या राहणार आहेत."

"म्हणजे पुढं काय होईल तिला?" सोनलनं विचारलं.

या प्रश्नावर आधीच्या पिढीतले डॉक्टर 'वाट बघू' म्हणायचे. फारच खोदून विचारलं तर शंभरातल्या इतक्या मुलांना असं होतं, तितक्यांना तसं होतं, असा आकडा द्यायचे. आता आकड्यावर का कुणाची आई जगते? आकडा पदरात बांधून घरी जायचं आणि वर्षानुवर्षं पोराच्या पावलाकडे बघत बसायचं. त्यावर उपाय म्हणून बोलका रिपोर्ट निघाला. देशोदेशीच्या हजारो अपुऱ्या दिवसांच्या मुलांची जन्मानंतरची मेंदूची चित्रं आणि तीच मुलं सातव्या वर्षी कशी बोलतात, कशी चालतात, कशी हसतात, हे सगळं एका यंत्राला शिकवलं होतं. नव्या बाळाचं चित्र यंत्रात घालायचं, आईबापाचा आवाज घालायचा, आणि यंत्र त्या बाळाचा सातव्या वर्षीचा आवाज बोलून दाखवायचं. चेहरा मुद्दाम दाखवत नसत. चेहऱ्याचा लळा लागतो, हे पहिल्या वर्षीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. आवाजाचाही लागेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"हा अंदाज आहे," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. "भविष्य नाही. आणि तुमची मुलगी तर नाहीच नाही. एवढं ध्यानात ठेवा." दोघांनी मान डोलावली. सगळेच डोलावतात.

डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं. मग एक बारीक आवाज आला.

"आई?"

सोनल पुढं सरकली. आवाजात तिचाच पोत होता आणि त्याला प्रीतमसारखी किंचित घोगरी कड होती.

"बोल की," ती म्हणाली.

"तू माझी… हं… वेणी घालणार?"

वाक्याच्या मधोमध आवाज अडला होता. नाकातून एक छोटा श्वास आत गेला, 'हं' झालं, आणि मग शब्द सुटला. सोनलला ते लगेच कळलं. घोषणा करताना असा श्वास कुणी घेत नाही. समोर खड्डा दिसल्यावर पाऊल टाकणारं माणूस घेतं.

"मला पळताना डावा पाय… हं… नाही ऐकत," आवाज म्हणाला. प्रीतम उठून बाहेर गेला. सोनल बसून राहिली.

उपाय होता, तोही डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितला. बाळाची नाळ जपून ठेवली होती. तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि नाकात थेंब सोडतात तशा सोडायच्या. तिथून त्या मेंदूत जातात आणि उघड्या तारांवर आवरण चढवतात. पेशी वाढायला काही आठवडे लागणार होते. तोवर बोलका रिपोर्ट आईच्या फोनमध्ये दिला जायचा. बाळ बरं झालं नाही तर कुणाशी गाठ आहे, याची आईबापाला सवय व्हावी म्हणून.

आता इथं सोनलच्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळं झाला आणि त्या माउलीला त्याचा पत्ताही नाही. ती जयसिंगपूरहून आली ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि एक तपकिरी लोकरी स्कार्फ घेऊनच. लेकीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आणि वरून स्कार्फ करकचून बांधला.

"अगं आई, इथं वारं कुठंय?" सोनल म्हणाली.

"हे काय मग?" तिनं छतातल्या एसीकडे बोट दाखवलं. "बाळंतिणीच्या कानात वारं गेलं की जन्मभर डोकं धरून बसायची पाळी येते. तुमच्या डॉक्टरणीला विचार, तिचं डोकं दुखतं का नाही ते." विचारायची सोय नव्हती, पण डॉक्टर इनामदार कपाळ चोळताना दिसायच्या खऱ्या.

त्याच दिवसांत सोनलला बाळ छातीवर घ्यायला सांगितलं. कांगारूसारखं. उघड्या छातीवर उघडं बाळ, त्याचा एक कान आईच्या छातीच्या हाडावर, आणि दोघींना मिळून वरून कापड गुंडाळलेलं. रोज दुपारी कितीतरी वेळ तसं बसायचं. "बोला बाळाशी," सिस्टर भोरे सांगायच्या. "ह्या दिवसांत जेवढं ऐकेल तेवढं चांगलं."

सोनल बोलायची. पण काचेतून काढलेला तो जीव उत्तर देत नव्हता, आणि उत्तर देणारी फोनमध्ये होती. कानात कापूस, वर स्कार्फ, त्यात इयरफोन जाणार कसा? फोन आत न्यायलाही बंदी. तिनं एक युक्ती केली. शर्टाच्या बटणाएवढा बिनतारी स्पीकर मिळतो, आपलं बोलणंही टिपणारा; फोन बाहेर पिशवीत ठेवून तो तिनं गुंडाळलेल्या कापडाच्या आत, थेट छातीच्या हाडाला चिकटवून ठेवला. आवाज कानानं नाही, हाडानं ऐकू यायचा. बारीक गुणगुण छातीतून वर चढायची आणि डोक्यात पोचेपर्यंत तिचे शब्द झालेले असायचे. सिस्टरना नुसते सोनलचे ओठ हलताना दिसायचे. गुणाची आई, म्हणून त्या पुढं जायच्या.

त्या आवाजाला तिनं नाव दिलं, टिल्ली. बाळाचं बारसं दिवस भरल्यावरच करायचं ठरलं होतं आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. पण हाक मारायला काहीतरी नको का?

"टिल्ले," सोनल कुजबुजायची.

छातीत आधी तो श्वास व्हायचा. मग "ओ."

टिल्लीला गोष्टी आवडायच्या. तिला कोल्हा लबाड असलेला चालायचा नाही, म्हणायची, "त्याला… हं… भूक लागली असंल." शाळेतली मुलं तिच्या अडण्याची नक्कल करतात, हे तिनं एकदा सांगितलं. कुठली शाळा, कुठली मुलं, सगळं यंत्रानं रचलेलं. सोनलला ते माहीत होतं, तरी त्या मुलांचा तिला राग आला. एक गोष्ट तिला दिसत होती, पण तिनं मनावर घेतली नाही. टिल्ली अडली की छातीवरच्या बाळाची मूठ आवळायची, आणि शब्द सुटला की मूठही सुटायची.

पेशी तयार झाल्याचा निरोप आला, तेव्हा सोनलनं डॉक्टरांना विचारलं, "आणि टिल्ली?"

"टिल्ली कोण?"

सोनलनं फोन दाखवला. डॉक्टर इनामदारांनी चष्मा काढला. "थेंब दिल्यावर पुन्हा चित्र काढतो, नवा रिपोर्ट येतो. जुना पुसतो आम्ही. दोन्ही ठेवले तर आईबाप तुलना करत बसतात."

सोनल म्हणाली, मला दोन दिवस द्या. उपचाराला आईची संमती लागायची आणि थेंब द्यायची मुदत संपत आली होती. उशीर झाला असता तर तारा कायमच्या उघड्या राहिल्या असत्या. प्रीतमनं हे ऐकलं तेव्हा तो तिला कँटीनमध्ये घेऊन गेला. चहा मागवला आणि कपाला हात लावला नाही.

"यंत्रातल्या पोरीसाठी खऱ्या पोरीचा पाय अधू ठेवणार आहेस का तू?"

"तसं नाही रे."

"मग कसं? सांग की."

"ती मला ओ देते, प्रीतम."

"ही पण देईल. हिला जरा मोठी तर होऊ दे." मग तो खाली बघून म्हणाला, "मीही ऐकलंय तिला. तू झोपली होतीस तेव्हा. बाबा म्हणाली मला. पुन्हा नाही ऐकलं मी, आणि म्हणूनच सांगतोय, सही कर."

तो बरोबरच बोलत होता. जगात कुणालाही विचारा, हेच सांगेल. सोनलनं सही केली, आणि आपण कुणाचा तरी जीव घेतोय असं तिला वाटलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण काय म्हणणार होतं?

शेवटच्या दुपारी तिनं एक लांबलचक गोष्ट सांगितली. संपल्यावर छातीतून विचारणा झाली, "उद्या… हं… कुठली?"

"उद्याचं उद्या बघू," सोनल म्हणाली.

थेंब दिले, त्यांचा गुण आला. महिनाभरानं काढलेल्या चित्रात दोन्ही डाग भरून निघाले होते. नवा रिपोर्ट खळखळून बोलत होता. "आई, आज ना शाळेत आम्ही लंगडी खेळलो आणि मी सगळ्यांना आउट केलं आणि मग बाई म्हणाल्या..." सोनलनं सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "टिल्ले."

"टिल्ली कोण गं?" आवाजानं एका दमात विचारलं. तिनं रिपोर्ट फोनमधून काढून टाकायला सांगितला.

दिवस भरले तेव्हा बारसं झालं. प्रीतमची बहीण वर्षाताई हौसेनं पुढं आली, पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. गार्गी. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीवर चापट्या मारल्या, घुगऱ्या वाटल्या. सोनलचा स्कार्फ आईनं त्याच दिवशी सोडला, घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिला. पुढच्या खेपेला लागेल म्हणाली. पुढची खेप काही झाली नाही.

गार्गी वाढली ती नव्या रिपोर्टबरहुकूम. वेळेवर चालली, वेळेच्या आधी बोलली, आणि एकदा तोंड उघडलं की मिटायची नाही. गॅरेजमध्ये बापाच्या गिऱ्हाइकांना ती बॅटरीचे भाव सांगायची. प्रीतम तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवायचा. सोनलही सुखात होती, नाही असं नाही. पोर पायऱ्या उड्या मारत उतरली की तिचा ऊर भरून यायचा. आणि कधी कधी त्याच क्षणी टिल्लीची आठवण यायची, आणि आठवण आल्याची लाज वाटायची.

एकदा दोघी स्टँडवरून चालल्या होत्या. वरून सोनलचा आवाज सांगलीची गाडी पुकारत होता. गार्गी थबकली. "आई, तू इथं आहेस, मग तिथं कोण बोलतंय?"

"कुणी नाही. नुसता आवाज आहे."

"नुसता आवाज कसा असेल? कुणाचा तरी असणार की."

सोनलनं तिला उसाचा रस पाजला आणि विषय बदलला.

गार्गी चार वर्षांची असताना तिला ताप आला. एरवी एका जागी न टिकणारी ती पोर त्या दुपारी निपचित होती, आणि सोनल तिला छातीवर घेऊन पडली होती. पोरीचा कान तिच्या छातीच्या हाडावर होता.

"आई, मला… हं… पाणी."

सोनलनं मान उचलून तिच्याकडे पाहिलं. तापानं घसा सुकला असेल, म्हणून तिनं मनाची समजूत घातली आणि पोरीला उठवून पाणी दिलं. उठून बसलेली गार्गी धडाधड बोलली, पाणी गार नाही, पेला निळा नको, बाबा कधी येणार. सोनलनं तिला पुन्हा छातीवर निजवलं.

"बाबा… हं… कधी येणार?"

ताप उतरला, पण हे राहिलं. खांद्यावर घ्या, मांडीवर घ्या, गार्गी ती गार्गी. छातीच्या हाडाला कान लागला की बोलणं मंद व्हायचं, अडायचं, श्वास घ्यायचं. डावा पाय एका बाजूला ढिला पडायचा. डोकं उचललं की पाय सावरला, बोलणं सुरळीत. मध्ये काय झालं, हे पोरीला आठवायचंही नाही. सोनलनं हे इतक्या वेळा करून पाहिलं की शेवटी तिची तिलाच भीती वाटायला लागली.

डॉक्टर इनामदारांचे केस आता पिकले होते. त्यांनी गार्गीला तपासलं, मेंदूचं नवं चित्र काढलं. कुठं काही नव्हतं. मग सोनलला छातीवर घ्यायला सांगितलं आणि वाकून पोरीचं अडणं ऐकलं.

"त्या दिवसांत तुम्ही रिपोर्ट कशावर ऐकत होता?" त्यांनी विचारलं.

सोनलनं कापूस, स्कार्फ, बटणाएवढा स्पीकर, सगळं सांगितलं.

"बाळाचा कान कुठं होता?"

सोनलनं छातीवर हात ठेवला.

"याच आठवड्यांत कानापासून मेंदूपर्यंत वाटा पडत असतात," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "बाळ जे ऐकेल तशा पडतात. म्हणून तर आम्ही म्हणतो, बोला. हिनं आठवडेच्या आठवडे तुमच्या छातीतून तो आवाज ऐकला, तारांवर आवरण चढायच्या आधी. आम्ही नंतर थेंब दिले. पेशींनी ज्या वाटा सापडल्या त्या पक्क्या केल्या. त्यात ही पण एक असणार. तुमच्या छातीला कान लागला की ती उघडते, एरवी मिटलेली असते. ही सवय आहे, आजार नाही. वाट वापरली नाही की बुजते. तिला छातीवर घेणं बंद करा."

"सवय कुणाची, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"गार्गी तर कधी अडलीच नाही. मग अडायची सवय कुणाची?"

डॉक्टर इनामदारांनी चष्मा काढला आणि कपाळ चोळलं. "बंद करा," त्या पुन्हा म्हणाल्या.

प्रीतमला कळलं तेव्हा तोही तेच म्हणाला. "एकदा सही केलीस ना? मग संपलं ते. पुन्हा उकरू नकोस." सोनलनं ऐकलं. पोरगी जवळ आली की ती कुशीवर वळायची, छातीशी उशी धरायची. गार्गी आधी चिडली, मग रडली, मग तिला त्याची सवय झाली. दोन वर्षं उलटून गेली. वाट बुजली असणार, असं सोनल स्वतःला सांगायची. मग टिल्ली दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या खेपेलाही आपल्याच हातानं, हा विचार मागोमाग यायचा आणि हातातलं काम तसंच राहायचं.

गार्गीचा सातवा वाढदिवस रविवारी आला. संध्याकाळी पोरं जमणार होती. प्रीतम स्वयंपाकघरात बटाटेवड्यांचं सारण करत होता, ते त्याचं हातखंडा काम. सोनल दुपारची घटकाभर आतल्या खोलीत आडवी झाली होती. गार्गी आत आली. तिच्या हातात तपकिरी स्कार्फ होता आणि देव्हाऱ्यातल्या वातींच्या डब्यातला कापूस.

"आई, कान बांध ना."

सोनल उठून बसली. "कुणी सांगितलं तुला हे?"

गार्गीनं खांदे उडवले. आजी जयसिंगपूरला, ती असलं काही बोललेली नव्हती. रुग्णालयात बाळांच्या विभागात फोटो काढायला बंदी होती, म्हणजे तिनं फोटोतही पाहिलं नव्हतं. बारशाच्या दिवशी आईनं सोडला, त्यानंतर सोनलनं तो स्कार्फ हातातही घेतला नव्हता.

"नको गं. आज वाढदिवस आहे ना तुझा? चल, फुगे फुगवू."

"बांध ना," पोर म्हणाली. "आज मी सात वर्षांची झाले."

सोनलला नाही म्हणता आलं असतं. दोन वर्षं म्हणतच होती की. पण तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, इतकी वर्षं तीच पोटात ठेवून ती जगत होती. ती पोरगी आपण मारली, की नाही? तिनं कापसाचे बोळे केले, कानात घातले, स्कार्फ बांधला. स्वयंपाकघरातला फोडणीचा आवाज गेला, पंख्याचा गेला, रस्ता गेला. ती उताणी झाली आणि गार्गी तिच्या छातीवर चढली. आता पाय पार गुडघ्यांखाली पोचत होते. तिनं कान हाडावर टेकला.

"टिल्ले," सोनल म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःला ऐकू आला नाही.

काही झालं नाही. बुजली वाट, तिनं मनात म्हटलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग छातीच्या हाडात एक छोटा श्वास आत गेला.

"ओ."

सोनलनं पोरीला दोन्ही हातांनी कवळलं. तिला इतका आनंद झाला, इतकं हलकं वाटलं, की हे बरोबर की चूक असलं काही तिच्या मनात आलंच नाही. छातीतून गुणगुण वर चढली आणि तिचे शब्द झाले.

"आई, उद्या… हं… आला का?"

"आला," सोनल म्हणाली. "आला गं बाई."

"मग गोष्ट… हं… सांग."

दारात काही हललं. प्रीतम उभा होता, हातांना पीठ लागलेलं. त्याचे ओठ हलले. कानात कापूस असला तरी तो काय म्हणतोय ते सोनलला दिसलं. गार्गी. त्यानं पुन्हा हाक मारली. सोनलनं मान किंचित वर करून पोरीकडे पाहिलं. पोर डोळे उघडे ठेवून बापाकडे बघत होती. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, जरा लाजून, जरा घाबरून. डावा पाय ढिला पडला होता. तिनं ओ दिली नाही.

प्रीतमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो आत आला आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ आता भरभर हलत होते.

पोरीचं डोकं छातीवरून उचललं की गार्गी परत येणार, हे सोनलला पक्कं ठाऊक होतं. फक्त डोकं उचलायचं होतं. तिचे दोन्ही हात पोरीच्या पाठीवर होते. ते तिनं तिथंच ठेवले, आणि म्हणाली, "एक होता कोल्हा."